पहिला सामना

इंग्लंडांतील एखाद्या वयोवृद्ध फुटबॉलप्रेमी गृहस्थाला त्यानें पाहिलेल्या पहिल्या सामन्याविषयीं विचारावें आणि तो जें सांगतो तें शांतपणें ऐकावें. गोल कोणीं केला, कितव्या मिनिटाला केला, हें त्याला पुष्कळदां सांगतां येत नाहीं. निकालहि तो कधीं कधीं चुकीचा सांगतो. परंतु वडिलांच्या ओव्हरकोटाला येणारा पावसाचा आणि तंबाखूचा वास, फिरत्या लोखंडी फाटकाची कटकट, अंधाऱ्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एकाएकीं डोळ्यांपुढें उलगडलेली हिरवीगार भूमि, आणि हजारों कंठांतून एकाच क्षणीं निघालेली आरोळी, हें सारें तो काल घडल्यासारखें वर्णन करतो. मध्यें पन्नास-साठ वर्षें लोटलेलीं असतात. घर बदललेलें असतें, गांव सुटलेलें असतें, ज्यांनीं बोट धरून नेलें ते वडील कधींच निवर्तलेले असतात. तरी तो दिवस त्याच्या मनांत जशाचा तसा असतो.

हा अनुभव एकट्यादुकट्याचा नव्हे. ब्रिटनमधील गिरण्यांच्या, खाणींच्या आणि गोद्यांच्या शहरांत पिढ्यान् पिढ्या लक्षावधि माणसांनीं ही आठवण जपली आहे. एका खेळाचा पहिला दिवस मनांत इतका खोल कां रुजावा, आणि तो रुजतो म्हणून त्या खेळाच्या चालकांवर कोणती जबाबदारी येते, या दोन गोष्टींचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम हा खेळ सामान्य माणसाच्या दारीं कसा आला तें पाहूं. फुटबॉलचे नियम ठरविणारी असोसिएशन लंडन येथें १८६३ सालीं स्थापन झाली. त्या वेळीं तो मुख्यत्वें बड्या शाळांतून शिकलेल्या सुखवस्तु तरुणांचा खेळ होता. उत्तरेकडील कापडाच्या गिरण्यांच्या मुलखांत तो पोहोंचला आणि त्याचें रूप पालटलें. १८५० च्या कारखाना-कायद्यानें कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयी कामगार यांचें शनिवारचें काम दुपारीं दोन वाजतां थांबविलें होतें. पुढें शनिवारच्या अर्ध्या सुटीची चाल इतर धंद्यांतहि हळूहळू रूढ झाली. गिरणीकामगाराला खेळासाठीं रोज बुडविणें परवडणारें नव्हतें. तेव्हां चांगला खेळाडू हवा असेल तर त्याला मोबदला देणें क्लबांना भाग पडूं लागलें. बराच काळ हें चोरून चालले. अखेर १८८५ सालीं असोसिएशननें धंदेवाईक खेळाडूंना मान्यता दिली, आणि १८८८ च्या सप्टेंबरांत बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. या बारांपैकीं सहा क्लब लँकेशायरचे आणि सहा मिडलंड्स प्रांताचे होते. लंडनचा एकहि नव्हता. शनिवारीं दुपारीं तीन वाजतां सामना, ही वेळहि गिरणीच्या भोंग्यानेंच ठरवून दिली. मुंबईच्या गिरणगांवांत ज्यांनीं भोंग्याच्या तालावर दिवस मोजले आहेत, त्यांना याचें मर्म वेगळें समजावून सांगावयास नको.

शनिवारची दुपार अशी मोकळी झाली, आणि तिच्याबरोबर एक नवा कुलाचार जन्मास आला. बाप कामावरून येई, चार घास खाई, टोपी चढवी आणि बाहेर पडे. वाटेंत शेजारी भेटे, पुढच्या वळणावर भाऊ भेटे, आणि मैदान जवळ येई तों रस्ता माणसांनीं भरून वाहूं लागे. एल. एस. लाउरी या चित्रकारानें १९५३ सालीं काढलेल्या 'सामन्याला जातांना' या चित्रांत हेंच दृश्य आहे. बोल्टन शहराच्या बर्नडेन पार्क मैदानाकडे चारी बाजूंनीं काड्यांसारखीं बारीक माणसें वाऱ्याला रेटा दिल्यागत पुढें वांकून चाललेलीं आहेत, आणि मागें कारखान्यांच्या चिमण्या धूर ओकीत आहेत. जत्रेच्या दिवशीं देवळाकडे वळलेल्या पावलांची आठवण व्हावी असें तें चित्र आहे. या लोंढ्यांत एके दिवशीं बापाच्या हाताला एक लहान मूल असे. आजवर दर शनिवारीं दाराशीं उभें राहून त्यानें वडिलांना जातांना पाहिलेलें असे. आज त्यालाहि जोडे घालावयास सांगितलेलें असे. मोठ्या माणसांच्या जगांत आपल्याला प्रवेश मिळाला, ही जाणीव त्याला मैदान दिसण्यापूर्वींच होई. पहिल्या सामन्याची गोष्ट घराच्या उंबरठ्यापासून सुरू होते ती यामुळें.

मैदानाशीं फाटक असे तें अरुंद, एका वेळीं एकच माणूस जाईल इतकेंच. पैसे दिल्यावर तें खटकन् फिरे. मुलांसाठीं या फाटकाचा एक अलिखित नियम होता. बाप मुलाला उचलून फाटकावरून पलीकडे ठेवी आणि फाटकावरचा माणूस दुसरीकडे पाही. ज्याला बाप नसे, किंवा ज्याच्या बापाला फुटबॉलची आवड नसे, तीं मुलें बाहेर उभीं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी गृहस्थांना, "अहो काका, मला उचलून आंत घ्या ना!" अशी विनवणी करीत, आणि एखादा काका तसें करीहि. ज्यांना तेंहि साधत नसे तीं सामना संपत येईपर्यंत धीर धरीत. बाहेर जाणाऱ्यांसाठीं शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत फाटकें उघडीं टाकण्याची पुष्कळ ठिकाणीं चाल होती. त्या वेळीं हीं मुलें आंत घुसत. कित्येक वृद्धांचा पहिला सामना म्हणजे खरोखर अशीं शेवटचीं पंधरा मिनिटेंच होत, आणि तीं ते पूर्ण सामन्याच्या अभिमानानें सांगतात.

आंत गेल्यावर बसावयास जागा नसे. थोड्या श्रीमंतांसाठीं छपराखालीं खुर्च्या असत. बाकीच्यांसाठीं उतरत्या पायऱ्यांचे उघडे कठडे असत, आणि त्यांवर माणसें खांद्याला खांदा लावून उभीं राहत. लिव्हरपूलच्या अँनफील्ड मैदानावरील अशा एका उंचवट्याला १९०६ सालीं 'स्पायन कॉप' हें नांव मिळालें. बोअर युद्धांत १९०० सालीं ज्या टेकडीवर लँकेशायरच्या पलटणींचीं अनेक माणसें पडलीं, त्या टेकडीचें तें नांव. अशा गर्दींत लहान मुलाला पुढचें कांहींहि दिसत नसे. मग कोणी बाप घरून लाकडी खोकें आणून त्यावर मुलाला उभें करी. बहुधा मात्र दुसराच उपाय होई. मुलाला उचलून लोकांच्या डोक्यांवरून, हातोहात, खालीं अगदीं कठड्यापाशीं पोहोंचविलें जाई. अनोळखी माणसांच्या पांच-पन्नास तळहातांवरून तरंगत गेल्याची ही आठवण इंग्लंडमधील जुन्या प्रेक्षकांत इतकी सर्वत्र आढळते कीं तिला एका संस्काराचेंच स्वरूप आलें आहे. पंढरीच्या वाटेवर किंवा गांवच्या कुस्त्यांच्या फडांत ज्यांना कोणी अनोळखी माणसानें खांद्यावर घेतलें असेल, त्यांना यांतील आनंद कळेल. ज्या गर्दीची भीति वाटावी तीच गर्दी त्या मुलाला सांभाळीत होती. सामना संपल्यावर ठरल्या खांबापाशीं बाप उभा असणार, हें मुलाला ठाऊक असे.

या आठवणींत रंगालाहि मोठें स्थान आहे. १९६४ च्या ऑगस्टमध्यें बी. बी. सी. नें शनिवारीं रात्रीं सामन्यांचा वृत्तांत टेलिव्हिजनवर दाखविण्यास प्रारंभ केला. तीं चित्रें काळीं-पांढरीं होतीं, आणि रंगीत चित्रें घरोघर यावयास पुढें बरींच वर्षें लागलीं. त्यामुळें त्या पिढीच्या मुलांना फुटबॉल म्हणजे राखाडी गवतावर धांवणारीं राखाडी माणसें एवढेंच ठाऊक होतें. अशा मुलाला प्रथमच मैदानावर नेलें म्हणजे तें जिन्याच्या तोंडाशीं थबकून उभें राही. गवत इतकें हिरवें असेल, सदरा इतका तांबडा असेल, असें त्याला वाटलेलेंच नसे. सायंकाळचा सामना असला आणि उंच खांबांवरचे विजेचे दिवे लागलेले असले, तर तो हिरवा रंग अधिकच उजळून दिसे. घरीं सारें शहर धुरानें काळवंडलेलें, आणि त्याच्या मध्यभागीं हा एक हिरवा तुकडा. बहुतेकांच्या वर्णनांत तो रंग प्रथम येतो आणि खेळ मागाहून.

मूल पहिल्या दिवशीं खेळापेक्षां माणसांकडेच अधिक पाहतें. निक हॉर्नबी या लेखकानें १९९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'फीव्हर पिच' या आत्मचरित्रपर पुस्तकांत आपल्या पहिल्या सामन्याचें वर्णन केलें आहे. १९६८ च्या सप्टेंबरांत आर्सेनल आणि स्टोक सिटी यांचा सामना पाहण्यास त्याचे वडील त्याला लंडनमधील हायबरी मैदानावर घेऊन गेले. आई-वडील विभक्त झाले होते. वडिलांच्या वाट्याला मुलाच्या सहवासाचे थोडेच तास येत, आणि ते तास कसे घालवावे हा दोघांनाहि प्रश्न पडे. सामना एका गोलानें सुटला आणि आर्सेनल जिंकलें. परंतु अकरा वर्षांच्या त्या मुलाच्या मनावर ठसली ती वेगळीच गोष्ट. भोंवतालचे प्रौढ पुरुष पैसे मोजून आले होते, आणि तरी ते आनंद लुटण्याऐवजीं चिडत होते, कण्हत होते, आपल्याच खेळाडूंना शिव्या देत होते. करमणुकीच्या जागीं मोठीं माणसें इतकीं दुःखी कां होतात, हें कोडें त्याला पडलें, आणि तें कोडें त्याला जन्मभर पुरलें. बाप-लेकांना एकत्र बसावयास एक जागा मिळाली, बोलावयास एक विषय मिळाला. दोघांतील अवघड स्तब्धता त्या मैदानानें दूर केली. ज्या घरांत प्रेम शब्दांनीं व्यक्त करण्याची रीत नसते, त्या घरांत शनिवारच्या सामन्याचें हें महत्त्व फार मोठें असतें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. इंग्लंडांतील पुष्कळ माणसें आपला क्लब गुणदोष पाहून निवडीत नाहींत. तो त्यांना आडनांवासारखा मिळतो. आजा ज्या बाजूला उभा राहिला, तेथेंच बाप उभा राहतो आणि तेथेंच नातू. संघ हरत असला, खालच्या विभागांत घसरला, तरी तो सोडण्याचा विचार मनांत येत नाहीं, कारण तो सोडणें म्हणजे त्या पहिल्या दिवसाला आणि त्या दिवशीं बोट धरणाऱ्याला सोडणें होय. आपल्याकडे कोल्हापुरांत ही निष्ठा पाहावयास मिळते. तेथील संघ पेठांचे आणि तालमींचे. त्यांचा खेळ इंग्लंडमधल्यासारखा धंदेवाईक नव्हे. परंतु शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या संघासाठीं घसा फोडणाऱ्या तरुणाला विचारलें, तर तोहि आपल्या संघाचें नांव घरच्या देवासारखेंच, वाडवडिलांपासून आलेलें म्हणून सांगेल.

ही निष्ठा केवळ सुखाच्या दिवसांवर वाढलेली नाहीं. ६ फेब्रुवारी १९५८ रोजीं म्यूनिच येथें मँचेस्टर युनायटेडच्या संघाचें विमान कोसळलें. २३ माणसें दगावलीं; त्यांत क्लबाचे आठ खेळाडू होते. तेरा दिवसांनीं, १९ फेब्रुवारीला, शेफील्ड वेन्सडेशीं ठरलेला सामना झाला. त्या दिवशींच्या छापील पत्रिकेंत पाहुण्या संघाचीं नांवें होतीं. यजमान संघाच्या अकरा नांवांच्या जागा मात्र कोऱ्या सोडलेल्या होत्या, कारण कोण खेळणार हें छापतेवेळीं ठरलेलेंच नव्हतें. नवख्या आणि उसन्या खेळाडूंचा तो संघ तीन गोलांनीं जिंकला. अशा संध्याकाळीं ज्या मुलाला बापानें प्रथम मैदानावर नेलें असेल, त्याला त्या कोऱ्या ओळींनींच क्लब म्हणजे काय हें शिकविलें असेल.

येथवर गोड भाग झाला. आतां जबाबदारीच्या प्रश्नाकडे वळलें पाहिजे. बाप मुलाला गर्दींत नेतो तो विश्वासानें नेतो. माणसें मुलाला सांभाळतील हा एक विश्वास, आणि मैदानाच्या चालकांनीं भिंती, कठडे, जिने व फाटकें नीट राखलीं असतील हा दुसरा. पहिला विश्वास प्रेक्षकांनीं बहुधा सार्थ केला. दुसरा वारंवार फसला.

१९२३ च्या एप्रिलांत लंडनच्या नव्या वेंब्ली मैदानावर असोसिएशन कपाचा अंतिम सामना झाला. बोल्टन वाँडरर्स आणि वेस्ट हॅम हे प्रतिस्पर्धी होते. तिकिटें अगोदर देण्याची सक्ति नव्हती. अधिकृत संख्या १,२६,०४७ इतकी नोंदली गेली. प्रत्यक्ष आलेले लोक याहून फार अधिक होते, आणि ते सर्व मैदानाच्या गवतावर पसरले. घोडेस्वार पोलिसांनीं, आणि त्यांतहि बिली नांवाच्या एका पांढऱ्या घोड्यानें, हळूहळू लोक मागें सारून मैदान मोकळें केलें. कोणी मेलें नाहीं. ती हकीकत पुढें कौतुकानें सांगितली गेली, आणि जो धडा घ्यावयाचा तो कौतुकांत बुडाला.

त्याची किंमत बोल्टनच्याच मैदानावर चुकती झाली. ९ मार्च १९४६. महायुद्ध संपून प्रथमच कपाचे सामने चालू झालेले. बोल्टन विरुद्ध स्टोक सिटी, आणि स्टोकच्या बाजूला नामवंत स्टॅन्ली मॅथ्यूज. लोक इतके लोटले कीं फाटकें बंद करावीं लागलीं, तरी माणसें भिंतींवरून व रेल्वेच्या बाजूनें आंत येतच राहिलीं. आंतील एका बापाला आपल्या लहान मुलाचा जीव घाबरलेला दिसला. त्याला बाहेर काढावें म्हणून त्यानें एका बंद फाटकाचें कुलूप उघडलें. आणि त्याच वाटेनें बाहेरचा लोंढा आंत शिरला. कठडे मोडले, माणसें चेंगरलीं, ३३ जणांचा प्राण गेला. प्रेतें मैदानाच्या कडेला झांकून ठेवून उरलेला सामना पुरा करण्यांत आला. त्या बापाला दोष देतां येत नाहीं. आंत अडकलेल्या मुलाला बाहेर काढावयाची दुसरी वाटच तेथें ठेवलेली नव्हती, हा खरा दोष.

चौकशी झाली, शिफारशी झाल्या, परंतु बंधनकारक कायदा झाला नाहीं. २ जानेवारी १९७१ रोजीं ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर बाहेर पडण्याच्या जिन्यावर ६६ माणसें चेंगरून मेलीं. त्यांत मार्किंच या एकाच लहानशा गांवचे पांच शाळकरी मित्र होते. त्यानंतर १९७५ सालीं मैदानांच्या सुरक्षिततेचा कायदा आला. तरीहि १९८५ सालीं ब्रॅडफर्डच्या जुनाट लाकडी सज्जाला लागलेल्या आगींत ५६ जण गेले. आणि १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्या सामन्यांत, लोखंडी जाळीनें बंदिस्त केलेल्या कोंडवाड्यांत माणसें भिंतीसारखीं दाबलीं गेलीं. त्या दुर्घटनेंत मेलेल्यांची संख्या अखेर ९७ झाली. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता. ज्या जागीं पूर्वीं मुलें हातोहात पुढें पाठविलीं जात, त्याच पुढच्या जागीं, कठड्याशीं, मृत्यु उभा होता. त्याहि वेळीं मागच्या माणसांनीं कित्येक मुलांना डोक्यांवरून वर उचलून दिलें आणि वांचविलें. पोलिसांनीं प्रथम दोष प्रेक्षकांवर ढकलला. मृतांचे आई-बाप सत्तावीस वर्षें झगडले, तेव्हां २०१६ सालीं चौकशीच्या पंचांनीं निवाडा दिला कीं, हे मृत्यु बेकायदा वधाच्या स्वरूपाचे असून प्रेक्षकांचा त्यांत दोष नाहीं.

हिल्सबरोनंतर न्यायमूर्ति टेलर यांच्या १९९० च्या अहवालानें मैदानांचें रूप पालटलें. वरच्या दोन विभागांतील मैदानांत १९९४ पर्यंत उभे कठडे जाऊन सर्वत्र खुर्च्या आल्या. जाळ्या गेल्या, प्रसाधनगृहें सुधारलीं, स्त्रिया व मुलें निर्धास्तपणें येऊं लागलीं. हा मोठा लाभ होय, आणि जुन्या दिवसांच्या गोडव्यापायीं तो नाकारणें कृतघ्नपणाचें ठरेल. डोक्यांवरून जाणाऱ्या मुलाची आठवण कितीहि रम्य असली, तरी तिच्यासाठीं एकाहि मुलाचा जीव धोक्यांत घालतां येणार नाहीं.

परंतु मैदान सुरक्षित झालें त्याच काळांत तें महागहि झालें. १९९२ सालीं प्रीमियर लीग सुरू झाली, टेलिव्हिजनच्या हक्कांतून अपार पैसा आला, आणि तरीहि तिकिटांचे दर चढतच गेले. ज्या कामगाराच्या सोयीसाठीं शनिवारची तीनची वेळ ठरली होती, त्यालाच दोन मुलांना घेऊन जाणें जड होऊं लागलें. आणि सामन्याची वेळहि आतां पुष्कळदां टेलिव्हिजनच्या सोयीनें ठरूं लागली. लिव्हरपूलच्या चालकांनीं नव्या सज्जांतील कांहीं तिकिटांचा दर ७७ पौंड करण्याचें जाहीर केलें, तेव्हां ६ फेब्रुवारी २०१६ रोजीं सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला हजारों प्रेक्षक उठून मैदानाबाहेर चालते झाले. संघ त्या वेळीं दोन गोलांनीं पुढें होता. थोड्याच दिवसांत क्लबानें दरवाढ मागें घेतली आणि क्षमा मागितली. त्याच वर्षीं प्रीमियर लीगच्या क्लबांनीं परगांवच्या प्रेक्षकांसाठीं तिकिटाची कमाल मर्यादा ३० पौंड ठरविली. आपला संघ जिंकत असतां पाठ फिरविणें हें त्या माणसांना सोपें नव्हतें. आपल्यामागून आपलीं मुलें येथें येऊं शकतील कीं नाहीं, हा प्रश्न त्यांना त्या दिवशींच्या निकालाहून मोठा वाटला.

या गोष्टींत बाप आणि मुलगा यांचेंच नांव आतांपर्यंत आलें, हाहि एका अन्यायाचा परिणाम आहे. २६ डिसेंबर १९२० रोजीं लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर डिक, कर लेडीज या कामगार स्त्रियांच्या संघाचा सामना पाहण्यास सुमारें ५३,००० माणसें आलीं होतीं. पुढच्याच वर्षीं असोसिएशननें आपल्या क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांना खेळूं देण्यास बंदी केली, आणि ती जवळ जवळ पन्नास वर्षें टिकली. दोन पिढ्यांच्या मुलींना, मैदानावर आपल्यासारखी कोणी खेळते आहे, असें पाहण्याची संधीच मिळाली नाहीं. ३१ जुलै २०२२ रोजीं वेंब्लीवर इंग्लंडच्या स्त्रियांनीं जर्मनीला २–१ असें हरवून युरोपचें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां ८७,१९२ प्रेक्षक उपस्थित होते. त्यांत पुष्कळ लहान मुली होत्या. त्यांतील ज्या मुलींचा तो पहिलाच सामना असेल, त्या म्हाताऱ्या झाल्यावर वेगळीच गोष्ट सांगतील. कित्येकींच्या गोष्टींत हात धरणारी आई असेल.

जुनीं मैदानें एकामागून एक जात आहेत. बर्नडेन पार्क १९९७ सालीं बंद झालें. हायबरी २००६ सालीं बंद होऊन तेथें राहतीं घरें उठलीं, आणि जेथें खेळ होई तेथें आतां रहिवाशांची बाग आहे. १८९२ पासून एव्हर्टनचें घर असलेल्या गुडिसन पार्कवर १८ मे २०२५ रोजीं पुरुषांच्या संघाचा अखेरचा सामना झाला. संघ नदीकांठच्या नव्या मैदानावर गेला. जुनें मैदान मात्र पाडून न टाकतां स्त्रियांच्या संघाला देण्यांत आलें. विटा आणि लोखंड यांचा मोह कोठवर धरावयाचा? नव्या इमारतींत बसावयास चांगलें, दिसावयास चांगलें, आग लागली तर बाहेर पडावयास चांगलें. पाहावयाचें तें एवढेंच, कीं त्या नव्या फाटकाशीं एखाद्या साध्या घरचें मूल पोहोंचूं शकतें कीं नाहीं.

गोव्यांत मडगांवच्या फातोर्डा मैदानावर आणि मुंबईंत अंधेरीस इंडियन सुपर लीगचे सामने होऊं लागल्यापासून, म्हणजे २०१४ नंतरच्या काळांत, मराठी आणि कोंकणी घरांतूनहि अशा पहिल्या दिवसांच्या आठवणी सांठूं लागल्या आहेत. या खेळाचे चालक तिकिटाचा दर ठरवितील, जिन्याची रुंदी मोजतील, सामन्याची वेळ नेमतील, तेव्हां त्यांनीं ब्रिटनचा हा दीडशें वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढें ठेवावा. त्यांच्या हिशेबांत तो हंगामांतील अनेकांपैकीं एक सामना असतो. परंतु अशा प्रत्येक सामन्याला, कोठल्या तरी रांगेंत, बापाच्या किंवा आईच्या कोटाला घट्ट धरून, असें एक तरी मूल उभें असतें कीं ज्यानें यापूर्वीं मैदान पाहिलेलें नाहीं. त्याला पुढचें दिसेल अशी जागा असावी, तें परवडावें, आणि सामना संपल्यावर तें सुखरूप घरीं पोहोंचावें. एवढें झालें तर संघ जिंको वा हरो, तें मूल पुढच्या शनिवारीं पुन्हां येईल, आणि तीस वर्षांनीं आपल्या मुलाला घेऊन येईल.